खिडकीतला समुद्र : घरी केलेल्या पडद्यांचे अनुभव

विदर्भातल्या खेड्यांत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि पश्चिमेच्या खिडकीचा पडदा हा तेव्हा शोभेपेक्षा गरजेचा विषय असतो. तरीही गुहागर-मुरूडचा किनारा पाहून आलेल्या अनेक घरांना तो समुद्र खिडकीवर हवासा वाटतो. ज्यांनी असे पडदे स्वतः केले, त्यांनी कापड कोणते घेतले, रंग कसा बसवला आणि तो उन्हाळ्यात कितपत टिकला, हे सविस्तर लिहावे.

आर्वी तालुका, जिल्हा वर्धा

कापसाच्या मुलखात राहून पडद्यासाठी पॉलिस्टर घेणे मला पटले नाही, म्हणून मी मांजरपाट आणला. त्यातली खळ निघाल्याशिवाय रंग सारखा चढत नाही आणि कापड पहिल्या धुण्यात आटते. त्यामुळे ते रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापावे. रुंदी खिडकीच्या दीडपट ते दुप्पट घेतली, तर चुण्या भरगच्च पडतात. लाटांसाठी ओले कापड एका कोपऱ्यापासून तिरके गुंडाळले, ठरावीक अंतरावर सुतळीने करकचून बांधले आणि मीठ घातलेल्या गरम पाण्यात सुती कापडाचा निळा रंग कालवून त्यात बुडवले. सुतळी सोडल्यावर पांढऱ्या-निळ्या तिरक्या रेघा उमटतात, आणि त्या ब्रशने काढलेल्या लाटांपेक्षा कितीतरी जिवंत दिसतात. असा रंग उन्हाने विटतो, म्हणून रस्त्याच्या बाजूने पांढरे अस्तर लावले. त्याने उष्णताही परतवली जाते. पहिली काही धुणी मात्र गार पाण्यात आणि वेगळीच करावीत.

पवनी तालुका, जिल्हा भंडारा

आमच्याकडे वैनगंगेच्या वाळूत शिंपले सापडतात. ते समुद्री शिंपल्यांइतके रंगीबेरंगी नसले, तरी आतून मोत्यासारखे चमकतात आणि आपल्या नदीचे असतात, याचे मला फार मोल वाटते. रिकामे, कोरडे शिंपलेच घ्यावेत, साबणाच्या पाण्यात घासावेत आणि हाताच्या बारीक ड्रिलने, पाण्याचे थेंब सोडत, सावकाश भोक पाडावे. जोर लावला तर कडा फुटते. पडद्याच्या खालच्या काठाला ते लावू नयेत, कारण वावटळ आली की गजांवर आपटतात. पडदा बाजूला बांधायच्या सुतळीच्या गोफात ते ओवले, तर शोभतात आणि टिकतात.

धारणी तालुका, जिल्हा अमरावती

मेळघाटात बांबू मिळतो, त्यामुळे लोखंडी कांबीऐवजी पडद्याच्या नेफ्यातून बांबूच ओवला. त्याला काच-कागदाने गुळगुळीत केले नाही, तर कापडाचे धागे ओढले जातात.

लोणार तालुका, जिल्हा बुलढाणा

आर्वीच्या ताईंची पद्धत वापरून आम्हीही लाटा केल्या. फक्त माझ्या मुलीच्या हट्टाने वर गुलाबी पट्टा आला. 2020 च्या जूनमध्ये आमच्या सरोवराचे खारे पाणी गुलाबी झालेले तिने पाहिले होते, आणि तिच्या मते समुद्राच्या कडेलाही तो रंग हवाच. मासे तिने बटाट्याच्या ठशांनी उमटवले. कापडावरचा फॅब्रिक रंग पूर्ण वाळल्यावर उलट बाजूने गरम इस्त्री फिरवली, म्हणून तो अजून शाबूत आहे.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती जोडतो. ज्या खोलीत कूलर चालतो, तिथे दमट हवा बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. त्या खिडकीवर अस्तराचा जाड पडदा लावू नये. विरळ विणीचे एकेरी कापड घ्यावे आणि त्याची रुंदीही कमी ठेवावी, नाहीतर हवा अडते आणि अंग चिकचिकते. आमच्या घरी अस्तराचा पडदा पश्चिमेच्या खिडकीला आहे आणि माशांचा एकेरी पडदा कूलरसमोर आहे.