मदत हवी आहे: आर या संगणकभाषेत बेझिए वक्रावर समान अंतराने ठिपके कसे मांडावेत?

नमस्कार मंडळी,

डिचोलीहून लिहितेय. आमच्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवरची कावी चित्रं, म्हणजे तांबडा थर खरवडून आतला पांढरा चुना उघडा करत काढलेली नक्षी, गिलाव्यासकट गळून चाललीय. आहे तोवर फोटोंवरून तिची वेलबुट्टी आर मध्ये उतरवतेय. वेल आकड्यांत साठवली की हव्या त्या मापात पुन्हा काढता येते.

वेलीचा प्रत्येक तुकडा बेझिए वक्र आहे, म्हणजे चार नियंत्रण बिंदूंनी जिचा आकार ठरतो अशी वळणदार रेघ. एक तुकडा असा: (०,०), (१,२), (४,६), (१०,०). ग्रिड पॅकेजमधल्या ग्रिड.बेझिए या फंक्शनने रेघ छान येते, पण मला वेलीवर सारख्या अंतराने ठिपके हवेत. वक्राचं सूत्र लिहून त्यातला टी (वक्राच्या सुरुवातीला ०, शेवटी १) ०.०५ ने वाढवत नेला, तर पहिल्या दोन ठिपक्यांत ०.३५ अंतर आणि शेवटच्या दोघांत १.२१! शिवाय पुढचा तुकडा जुळतो तिथे कोपरा दिसतो. काय करावं?

प्रतिसाद: ताई, टी सारखा वाढला म्हणून अंतर सारखं पडत नाही. टी वाढताना बिंदू वक्रावर सरकतो; त्याचा सुरुवातीचा वेग पहिल्या दोन नियंत्रण बिंदूंमधल्या अंतराच्या तिप्पट असतो, शेवटचा वेग शेवटच्या दोघांमधल्या अंतराच्या तिप्पट. तुमच्याकडे ते ६.७ आणि २५.५ येतात, म्हणून शेवटाकडे ठिपके विरळ.

टी च्या हजारभर किमतींना बिंदू काढा, लगतच्या बिंदूंमधल्या अंतरांची क्युमसम या फंक्शनने चढती बेरीज करा. मग अ‍ॅप्रॉक्स ला (मधल्या किमती काढून देणारं फंक्शन) ती बेरीज एक्स आणि टी वाय म्हणून द्या, आणि समान लांबीवरचे टी मागा. बेरीज अख्ख्या वेलीची धरा. तुकड्यागणिक केलीत तर सांध्यापाशी अंतर बिघडेल. रेघही याच बिंदूंतून ओढा, कारण ग्रिड.बेझिए आतून एक्स-स्प्लाइन या दुसऱ्या प्रकारच्या वक्राने अंदाजे वक्र काढतं. प्लॉटमध्ये एएसपी (उभ्या-आडव्या मापांचं प्रमाण) १ ठेवायला विसरू नका.

कोपऱ्यासाठी: (४,६), (१०,०) आणि पुढच्या तुकड्याचा दुसरा बिंदू एका सरळ रेषेत हवेत, आणि तो दुसरा बिंदू (१०,०) च्या पलीकडे हवा. (१२,−२) चालेल, (१६,−६) सुद्धा.

धागाकर्ती: मनापासून आभार! चक्राकार नक्षीतली वर्तुळंही बेझिएनेच साठवू का?

प्रतिसाद: नको. तुम्ही वापरताय तशा बहुपदी बेझिएने वर्तुळ तंतोतंत येत नाही, कितीही तुकडे केले तरी. केंद्र आणि त्रिज्या साठवा, काढताना कॉस-साइन वापरा.