डिसेंबरात स्वतःच्या गाडीने मनाली: चाकांना साखळ्या लागतातच का?

सिंहगडरोडकर:
नाताळच्या सुट्टीत पुण्याहून गाडी घेऊन मनाली आणि जमलं तर अटल बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंत जायचा विचार आहे. गाडी स्विफ्ट, पेट्रोल. टायर यंदाच बदललेत. सोबत बायको, सहा वर्षांची मुलगी आणि आई. ताम्हिणी, आंबेनळी भर पावसात चालवलेत, पण बर्फावर चाक कधी घातलेलं नाही. ऑफिसात एक जण म्हणतो, साखळ्या घेतल्याशिवाय निघू नकोस. दुसरा म्हणतो, टायरची हवा थोडी कमी केली की झालं. नाना पेठेत दोन-तीन दुकानांत विचारलं, कुणाकडेच साखळ्या नाहीत. ऑनलाइन प्लास्टिकचे पट्टे दिसतात, ते चालतील का?

हिंजवडी_फेज२:
आम्ही जानेवारीत गेलो होतो. बोगद्यापर्यंत रस्ता अगदी कोरडा होता. साखळ्या डिकीत होत्या तशाच परत आल्या. माझ्या मते गरज नाही.

दिघीचा_फौजी:
नोकरीतली बरीच वर्षं काश्मीरमध्ये फौजेच्या गाड्या चालवल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वरच्या भावाला रस्ता कोरडा मिळाला असेल, पण तो दिवसावर अवलंबून असतो. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात एका बर्फवृष्टीत शेकडो गाड्या अडकल्या होत्या. ताजा बर्फ पडला की पोलीस पुढे फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. गुलमर्गला जाताना तंगमर्गपाशीही तेच. त्यामुळे साखळ्या जवळ हव्यातच. त्या असल्या म्हणून पुढे जायलाच हवं असं मात्र नाही.

टायरच्या बाजूवर माप लिहिलेलं असतं, १८५/६५ आर १५ असं काहीतरी. नेमक्या त्याच मापाच्या लोखंडी साखळ्या घ्या. घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडून बघा, काही टायरांच्या आतल्या बाजूला साखळीपुरती जागाच नसते. स्विफ्टचा जोर पुढच्या चाकांवर, म्हणून साखळ्या पुढे. इनोव्हा क्रिस्टा असती तर मागे. इथेच सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातमोजे घालून एकदा बांधून बघा. शून्याच्या खाली, अंधारात, बोटं बधिर झालेली असताना आकडा कुठे अडकवायचा ते शोधत बसू नका. बांधल्यावर शंभरेक मीटर जा, थांबा, पुन्हा ताणा. पहिल्या फेऱ्यांत त्या सैल पडतातच. वेग तीस-चाळीसच्या आत. डांबर लागलं की काढा, नाहीतर कडी तुटून मडगार्डवर किंवा ब्रेकच्या पाइपवर आपटते.

आता मला ज्याची जास्त काळजी वाटते ते. पडलेला बर्फ डोळ्यांना दिसतो. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून डांबरावर जो पातळ थर बसतो, तो दिसत नाही. डोंगराच्या सावलीतल्या वळणावर तो सकाळी दहा-अकरापर्यंत टिकतो. खूण सांगतो: रस्ता ओला चकाकतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाही, म्हणजे ते पाणी नाही. त्यावर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग झटकन वळवायचं नाही. वळणाच्या आधीच दुसऱ्या गिअरवर या आणि इंजिनाने गाडी रोखा. आणि साखळ्या फक्त पुढे असताना उतारावर जोरात ब्रेक मारला, तर मागची बाजू दरीकडे फिरू शकते, कारण तिला पकड नाही. फोर बाय फोरही चढायला मदत करते, थांबायला नाही.

हवा कमी करणं वाळूत चालतं, गोठलेल्या रस्त्यावर त्याचा उपयोग नाही. प्लास्टिकचे पट्टे भुसभुशीत बर्फातून गाडी बाहेर काढायला ठीक, कडक थरावर त्यांच्या भरवशावर आईला आणि लेकराला नेऊ नका. टायर नवे आहेत हे चांगलं, पण आपल्याकडचं रबर साधारण सात अंशांखाली कडक होतं आणि पकड घटते.

बावधनची_मेघना:
काकांशी सहमत. आम्ही गाडी मनालीत हॉटेलवर ठेवली आणि वर जायला तिथलीच फोर बाय फोर केली. आईंना घेऊन जाताय, तर हेच करा. बोगदा दहा हजार फुटांवर आहे, थंडीत त्यांना धापही लागू शकते.

सिंहगडरोडकर:
काका, मनापासून आभार. सोलंगच्या पुढे स्वतःची गाडी नेत नाही, ठरलं. पण मनालीतच रात्री बर्फ पडला तर उभ्या गाडीचं काय?

दिघीचा_फौजी:
हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून अडकतो. सपाटीवर, पहिल्या गिअरमध्ये, चाकाला दगड लावून ठेवा. वायपर काचेपासून उचलून ठेवा. निघण्याआधी कूलंट तपासून घ्या. पुण्यात बरेच जण नुसतं पाणी भरतात, ते तिकडे गोठून इंजिन फोडतं.

आणि एक गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवा. वाटेत बर्फात अडकलात तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ उकरल्याशिवाय हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं नाही. तोंड बुजलं की धूर आत शिरतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी गाड्यांत अडकून वीसहून जास्त माणसं गेली, त्यातली कित्येक अशीच. उकरायला डिकीत एक लहान फावडं टाका, आणि खिडकी बोटभर उघडी राहू द्या.