‘व्हॉल्युमेट्रिक फॉग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : ग्रहांची वातावरणे संगणकावर खरी वाटतील अशी कशी रेखाटतात, यावर लेख लिहितो आहे. ‘व्हॉल्युमेट्रिक फॉग’साठी ‘घनधुके’ चालेल का? आणि स्कॅटरिंगला, म्हणजे कणांवर आदळून प्रकाश विखुरण्याला, विकिरण म्हणावे की प्रकीर्णन?

— ‘घनधुके’ नको. घनदाट, घनघोर या शब्दांमुळे वाचणारा दाट धुके असाच अर्थ घेईल आणि इथे दाटपणाचा संबंधच नाही. साध्या फॉगमध्ये कॅमेऱ्यापासूनचे अंतर पाहून पिक्सेलवर ठरलेला रंग चढवतात. व्हॉल्युमेट्रिक पद्धतीत दृष्टिरेषेवर टप्प्याटप्प्याने पुढे जात प्रत्येक ठिकाणी हवा किती, तिथवर ऊन किती पोचले, त्यातले आपल्याकडे किती वळले, याची बेरीज होते. म्हणून डोंगराच्या सावलीतली हवा काळपट राहते आणि ढगांच्या फटींतून उन्हाचे झोत उतरताना दिसतात. अगदी विरळ धुकेही असे काढता येते. मी ‘त्रिमित धुके’ लिहितो. ‘खोलीचे धुके’ही सुचवले जाते, पण ते दालनात भरलेले वाटते.

स्कॅटरिंगसाठी प्रकीर्णनच घ्या. विकिरण हा शब्द काही जण रेडिएशनसाठीही वापरतात, त्यामुळे घोळ होतो.

— त्रिमित पटले, धुके नाही पटले. निदान ग्रहाच्या बाबतीत तरी नाही. धुके म्हणजे पाण्याचे थेंब. ते प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे, म्हणून सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि धुके पांढरे दिसते. हवेचे रेणू फारच लहान. अशा लहान कणांवरचे प्रकीर्णन, म्हणजे रॅले प्रकीर्णन, तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो. शिवाय पृथ्वीची हवा साधारण दर ८ किलोमीटरला सुमारे एक-तृतीयांश उरते. ‘धुके’ म्हटले की नवखा माणूस सगळीकडे सारखी घनता आणि एकच रंग देऊन मोकळा होतो, मग ग्रह कापसात गुंडाळल्यासारखा दिसतो. मी ‘प्रकीर्णक माध्यम’ म्हणेन. मंगळावरच्या धुळीलाही ते लागू पडते. तिथे दिवसा आकाश पिवळसर तपकिरी असते आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर झाक येते. याला धुके कसे म्हणणार?

— मान्य. मग असे करता येईल : तंत्राचे नाव ‘त्रिमित धुके’, कारण ते दरीतल्या धुक्यासाठीही वापरतात, आणि ग्रहाभोवतीच्या हवेबद्दल लिहिताना ‘माध्यम’.

लेखात जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ मी येणारच; तरंगलांबीएवढ्या किंवा मोठ्या कणांवरच्या प्रकीर्णनाला त्यांचे नाव आहे. ‘मी प्रकीर्णन’ असे सुटे लिहू नका, वाचणारा ‘मी’ला सर्वनाम समजून अडखळतो. जोडरेघ द्या, पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्या.

— ‘फेज फंक्शन’ राहिलेच. त्याला ‘प्रावस्था फलन’ म्हटलेले मला चुकीचे वाटते. प्रकाश कोणत्या दिशेला किती वळतो हे सांगणारे ते फलन, तरंगाच्या प्रावस्थेशी त्याचे नाते नाही. नाव खगोलशास्त्रातून आले आहे, चंद्राच्या कलांवरून. कला हा शब्द आपल्याकडे तयारच आहे, तेव्हा ‘कलाफलन’ म्हणा. हेन्ये आणि ग्रीनस्टीन या खगोलशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये दिलेले कलाफलन आजही सर्रास वापरतात. त्यातली एकच संख्या, उणे १ ते १ मधली, प्रकाश मागे वळतो की पुढे हे ठरवते. हवेतल्या बारीक कणांसाठी ती ०.८ च्या आसपास धरली की सूर्याभोवतीचे तेजोवलय नीट उमटते.