सी ड्राइव्ह आकसत नाही, त्याचं कारण

देवगडच्या मित्राने विचारलंय की विंडोजशेजारी लिनक्स टाकायला सी ड्राइव्ह लहान करताना, त्यावर २०० जीबी मोकळे असूनही विंडोज १२ जीबीच का सोडतं. वर कुणी 'सरळ जीपार्टेड चालवा' म्हटलंय (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, लहान-मोठे करणारा प्रोग्रॅम), पण घाई नको. मोकळी जागा असली तरी पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल), हायबरनेशनची फाइल (मशीन बंद करताना चालू काम साठवणारी) आणि रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत न्यायच्या नोंदी) हलवता येत नाहीत. त्यातलं काही मध्ये बसलं की श्रिंक (ड्राइव्ह लहान करणं) तिथेच अडतं. म्हणून अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'powercfg /h off' द्या (याने हायबरनेशन बंद होतं, विंडोज लवकर सुरू करणारं फास्ट स्टार्टअपही जातं), पेजफाइल व सिस्टिम प्रोटेक्शन (रिस्टोअर पॉइंट बनवणारी सोय) तात्पुरतं बंद करा, रीस्टार्ट करून डिस्क मॅनेजमेंटमधून पुन्हा श्रिंक करा. बहुतेकदा एवढ्यानेच भागतं. नंतर पेजफाइल पुन्हा चालू करायला विसरू नका.

तरीही अडलं तरच जीपार्टेड, तेही आधी चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारी विंडोजची कमांड) आणि बॅकअप करून. पार्टिशन उजवीकडून लहान करा. डावी कड सरकवली तर सगळा डेटा नव्याने लिहिला जातो, तासन्‌तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर फाइल सिस्टिम गेलीच म्हणा. पावसाळ्यात आपल्याकडे विजेचा काय भरवसा? डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय हात लावू नका. लिनक्सला ४० जीबी पुरे. ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइल असलेला छोटा भाग) मात्र लिनक्स टाकताना फॉरमॅट करायचं नाही, नुसतं वापरायचं.