वाटीत दाट दिसणारा फेस गालावर अर्ध्यातच सुकतो: दोष ब्रशचा, साबणाचा की पाण्याचा?

प्रश्न

अनेक वर्षे डब्यातला तयार फेस वापरल्यानंतर दीड महिन्यापूर्वी मी डुकराच्या केसांचा ब्रश, घट्ट वडीचा साबण आणि सेफ्टी रेझर घेऊन दाढी करायला सुरुवात केली. वाटीत ब्रश घोळवला की फेस दाट, कापसासारखा होतो, इतका की वाटी उलटी केली तरी तो खाली पडत नाही. परंतु तोच फेस गालावर लावल्यानंतर एक बाजू उरकून दुसरीकडे वळेपर्यंत त्याची कोरडी पापडी झालेली असते आणि गळ्यावर पाते अडखळत जाते. मी साबण बदलून पाहिला, फरक पडला नाही. बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश घेतल्याशिवाय चांगला फेस होत नाही, असे काही जण सांगतात. ते खरे आहे का? शिवाय नव्या ब्रशला अजून जनावराचा वास येतो आणि रोज दोन-तीन केस गळतात. अशा ब्रशमुळे काही अपाय तर होणार नाही ना?

प्रतिसाद १

वाटी उलटी केली तरी न पडणारा फेस हीच तुमच्या अडचणीची खूण आहे, कारण त्यात हवा आणि साबण भरपूर असून पाणी फार थोडे आहे. पाते घसरते ते साबण-पाण्याच्या निसरड्या थरावरून, फेसाच्या उंचीवरून नव्हे. त्यामुळे गालावर डोंगर उभा राहिला तरी त्याच्या तळाशी ओल नसेल, तर त्वचेला काहीच संरक्षण मिळत नाही.

डुकराचा केस पाणी पितो. ब्रश नुसता नळाखाली धरून लगेच साबणावर फिरवला, तर केस आधी फेसातले पाणी शोषतात आणि तुम्ही वाटीत घातलेले पाणी ब्रशच्या पोटात जाते. म्हणून आंघोळीला जाण्यापूर्वी ब्रश कोमट पाण्यात टेकवून ठेवावा. चार-पाच मिनिटांत केस मऊ पडतात. तेवढ्या वेळात दाढीचे खुंटही भिजतात, आणि भिजून फुगलेला केस कोरड्या केसापेक्षा कितीतरी सहज कापला जातो. मग ब्रश हलकेच झटकून साबणाच्या वडीवर सुमारे अर्धा मिनिट फिरवावा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतात, ते हळूहळू जाऊन केसांच्या टोकांवर दाट, चिकट लेप धरू लागतो, आणि तो धरला की पुरेसा साबण आला असे समजावे.

खरी कसोटी यानंतरची आहे. बोटांची टोके पाण्यात बुडवून चार-पाच थेंब फेसात टाकावेत, ब्रश फिरवावा, पुन्हा थेंब टाकावेत. कोरडा फेस निस्तेज असतो आणि ब्रश उचलला की त्याची टोके ताठ उभी राहतात. पाणी मुरत गेले की तीच टोके वाकतात, आणि फेसावर नुकत्याच दिलेल्या तैलरंगासारखी ओली झळाळी येते. तिथे थांबावे. त्यापुढे गेलात तर डोळ्यांना दिसतील एवढे बुडबुडे येतात आणि फेस गळ्यावरून ओघळू लागतो. एकदा मुद्दाम तिथपर्यंत जाऊन पाहा. बिघडण्याची हद्द हाताला कळली की अलीकडे कुठे थांबायचे हे आपोआप कळते.

बॅजरची अट मला मान्य नाही. त्याचा केस मऊ असतो आणि पाणी अधिक धरून ठेवतो, एवढे खरे. परंतु डुकराचा ब्रश वापरता वापरता त्याच्या केसांची टोके दुभंगतात आणि दोनेक महिन्यांत तो त्वचेला चांगलाच मऊ लागू लागतो. तुमचा ब्रश अजून त्या टप्प्याला पोहोचायचा आहे.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. मात्र तुमच्याकडचे पाणी दुष्फेन, म्हणजे क्षारांमुळे साबणाला नीट फेस न येणारे जड पाणी असेल, तर नुसते पाणी वाढवत जाण्याचा सल्ला उलटा पडू शकतो. अशा पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणातील मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात, आणि त्यात खर्ची पडलेला साबण फेसाच्या कामी येत नाही. म्हणजे प्रत्येक नव्या थेंबाबरोबर ओल वाढते आणि तिच्याबरोबर क्षारही वाढतात. वाटीच्या कडेला दाढीनंतर चिकट पांढरट कड उरत असेल, तर हाच प्रकार आहे असे धरून चालावे.

खात्री करण्याचा सोपा उपाय असा: एक दिवस ब्रश भिजवण्यापासून फेस करण्यापर्यंत केवळ ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी वापरा. फेस एकदम सुधारला, तर साबण बदलण्यात अर्थ नाही. पाणी उकळून, गार करून, वरचे निवळ वापरल्यानेही काही वेळा फरक पडतो. पण उकळण्याने फक्त बायकार्बोनेटमुळे आलेली दुष्फेनता जाते, क्लोराइड आणि सल्फेट तसेच राहतात. फेसात लिंबू पिळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपया मानू नका, कारण आम्लामुळे साबणच मोडतो आणि फेस बसतो. पाणी बदलणे शक्य नसेल, तर वडीवर ब्रश दुप्पट वेळ फिरवा. दाढीच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा पोटॅशियमचा साबण असतो, जो सोडियमच्या साबणापेक्षा पाण्यात लवकर विरघळतो. त्यामुळे घाईच्या सकाळी क्रीम अधिक सोयीचे पडते.

प्रश्नकर्ता

दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. ऊर्ध्वपातित पाण्यात तेवढ्याच साबणाचा फेस जवळजवळ दुप्पट झाला आणि गळ्यावरचे अडखळणे पूर्ण थांबले. नळाच्या पाण्याने, ब्रश नीट भिजवून आणि वडीवर पूर्ण एक मिनिट फिरवून केलेला फेस तितका चांगला नव्हता, पण शेवटपर्यंत ओला राहिला. तेव्हा माझ्या बाबतीत पाणी आणि हात दोन्ही चुकत होते. वास आणि गळणारे केस यांबद्दल कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ३

वासाची काळजी करू नका. थोडा शाम्पू किंवा दाढीचाच साबण घेऊन ब्रशवर भरपूर फेस करावा, तो रात्रभर तसाच ठेवून सकाळी धुवावा. दोन-तीन वेळा असे केले की वास जातो. अपायाची शंका मात्र अगदीच निराधार नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे ब्रिटन आणि अमेरिकेत अनेकांना अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी झाली होती, आणि त्यांत सैनिकही होते. त्यानंतर केसांच्या निर्जंतुकीकरणाचे नियम कडक झाले. कुठून आला, कसा साठवला गेला याचा पत्ता नसलेला फार जुना ब्रश मी स्वतः तोंडाला लावणार नाही. चांगल्या निर्मात्याच्या नव्या ब्रशबद्दल ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

पहिल्या काही आठवड्यांत थोडे केस गळतातच. त्यानंतरही रोज झुबक्याने येत असतील, तर मुळाशी गुच्छ धरणारा गोंद सुटला आहे असे समजावे. उकळत्या पाण्यात ब्रश कधीही बुडवू नका, त्याने गोंद आणि केस दोन्ही खराब होतात. गालावर ब्रश बुडापर्यंत दाबून फिरवण्यानेही केस मुळाशी तुटतात. टोकांनीच काम करावे. वापरानंतर तो स्वच्छ धुवून, हळूच पिळून, टॉवेलवर दोन-चारदा फिरवून मोकळ्या हवेत ठेवावा. उलटा टांगला काय किंवा उभा ठेवला काय, विशेष फरक पडत नाही. बंद कपाटात ओला ठेवणे मात्र टाळावे, कारण गुच्छाच्या मुळाशी ओल सर्वांत उशिरा सुकते. तुमचे पाणी दुष्फेन असल्याने मुळाशी साकाही साचत जाईल. महिन्यातून एकदा कपभर पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालून ब्रश त्यात पाच मिनिटे ठेवावा आणि नंतर शाम्पूने धुवावा.