तीन आणि सहा वर्षांची मुलं, दोन दिवस, संभाजीनगर-वेरूळ: काय ठेवायचं, काय गाळायचं?

प्रश्न | पुणेकर_चौकोन

डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी पुण्याहून संभाजीनगरला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, मुलगी सहा वर्षांची, मुलगा नुकताच तीनचा झालाय, आणि सोबत सासूबाई. त्या सपाटीवर आरामात चालतात, पायऱ्यांना गुडघे कुरकुरतात. गाडी स्वतःची. शुक्रवारी दुपारी निघायचं, रविवारी रात्रीपर्यंत घरी.

यादी अशी झाली आहे: वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की, घृष्णेश्वर. कोणी म्हणतं सगळं होतं, कोणी म्हणतं मुलं लहान आहेत, जाऊच नका. बाबागाडी न्यायची का? दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, म्हणजे ती काळोखी भुयारी वाट, मुलांना घेऊन करता येते का? आणि खाण्याचं काय? धाकट्याला तिखट अजिबात चालत नाही.

उत्तर १ | लेणीवाला

अजिंठ्यावर आताच काट मारा. शहरापासून जवळपास १०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन २०० किलोमीटर गाडीत. त्यात फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून शटल बस पकडायची, मग पायऱ्या, मग चित्रांच्या लेण्यांसमोर रांग. आत रंग जपायचे म्हणून उजेड मंद ठेवलेला असतो. मोठ्यांनाही डोळे सरावायला वेळ लागतो, तीन वर्षांचं पोर तेवढं थांबत नाही. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की अजिंठ्यासाठी वेगळी खेप करा.

वेरूळ मात्र लहान मुलांसाठीच केल्यासारखं आहे, फक्त ३४ लेण्यांचा हट्ट सोडा. तुमच्यासाठी दोनच: १६ आणि १०.

१६ म्हणजे कैलास. तिकीटघरातून आत शिरलं की समोरच. सगळी लेणी पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी सावलीत असतात आणि दुपारनंतर ऊन थेट तोंडावर येतं. फोटो काढणारे म्हणून दुपारी येतात. तुम्ही सकाळी आठच्या आत पोचा. दगड थंड असतो, सहलींच्या बसेस आलेल्या नसतात आणि मुलं ताजी असतात.

प्रांगण सपाट आहे, सासूबाईंना तिथेच पाऊण तास मजेत जाईल. मंदिराच्या जोत्याला हत्तींची रांग आहे, जणू सगळं देऊळ त्यांनीच पाठीवर पेललंय. धाकट्याला हत्ती मोजायला लावा. कोणाची सोंड शाबूत आहे, कोणाची तुटलीय, हा खेळ वीस मिनिटं सहज पुरतो. मोठीसाठी दक्षिणेकडच्या भिंतीवरचा रामायणाचा पट आहे. आडव्या ओळींत एकाखाली एक प्रसंग कोरलेत, त्यात मारुती आणि वानर शोधायला सांगा. उत्तरेकडे तसाच महाभारताचा पट आहे. दक्षिणेलाच रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे, ते चुकवू नका.

वरच्या मंडपात जाणारे जिने अरुंद, अंधारे आणि उंच पायऱ्यांचे आहेत. एकाने मुलीला घेऊन वर जावं, दुसऱ्याने धाकट्यासोबत खाली थांबावं, मग अदलाबदल. बाहेरून डोंगरावर चढून कैलास वरून पाहायची पायवाट आहे. दृश्य अप्रतिम, पण खाली सरळ तुटलेला कडा आणि सगळीकडे भरवशाचा कठडा नाही. मुलांना घेऊन तिकडे फिरकू नका.

१० नंबरला लोक सुताराची झोपडी म्हणतात. लाकडी छताच्या फासळ्या असाव्यात तसं दगडाचं कमानी छत आहे आणि आवाज छान घुमतो. मुलांना एक लांब ‘ओऽऽ’ म्हणू द्या. बाकीचे लोक असतील तर एकदाच.

एक घरी करायचा प्रयोग. आदल्या रात्री अंघोळीच्या साबणाची वडी आणि चमचा मुलीच्या हातात द्या आणि वरून खाली कोरत घर बनवायला सांगा. चुकून कोपरा तुटला की परत चिकटत नाही, हे तिच्या पाच मिनिटांत लक्षात येईल. कैलास असाच एका कड्यातून, कळसापासून पायाकडे कोरत आणलाय, आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात. साबण कोरलेलं मूल ते देऊळ वेगळ्या डोळ्यांनी बघतं.

जैन लेणी (३० ते ३४) दीडेक किलोमीटर पुढे आहेत. मुलं कुरकुरत नसतील तरच. अकरा वाजले की काय उरलंय ते न बघता बाहेर पडा.

उत्तर २ | बुरुज_आणि_बाळंतविडा

दौलताबादचं सांगतो. किल्ला पूर्ण करायचा तर सातशेहून जास्त पायऱ्या आहेत, आणि मध्ये अंधारी. हा खडकातला वळणावळणाचा भुयारी मार्ग शत्रूला चकवायलाच केलेला होता, त्यामुळे पायऱ्यांची उंची कुठेच सारखी नाही. त्यात मिट्ट काळोख, वटवाघळांचा वास आणि त्यांच्या विष्ठेने निसरडी झालेली जागा. मूल कडेवर असलं की आपल्याला स्वतःचं पाऊल दिसत नाही, आणि पाठीवर असलं की त्याचं डोकं छताला लागायची भीती. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन अंधारी नको, यात वाद नाही.

पण खंदकाच्या अलीकडचा किल्लाही काही थोडाथोडका नाही. महाकोटाच्या, म्हणजे तटबंदीच्या, दरवाजापाशी तोफा मांडलेल्या आहेत. दरवाजांच्या फळ्यांवरचे लोखंडी सुळे मुलांना आधी दाखवा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते बसवलेत, हे सांगितलं की दोघंही तिथून हलत नाहीत. पुढे हत्ती हौद, मग चांद मिनार. त्यापुढे चिनी महाल, गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा इथे कैदेत होता. जवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे, मागच्या टोकाला चक्क मेंढ्याचं डोकं. तिथपर्यंत चढ थोडा आहे, सासूबाईंना चांद मिनारपाशी सावलीत बसवता येईल. एवढं करून परत फिरायला दीड-पावणेदोन तास धरा.

सहा वर्षांची मुलगी धट्टीकट्टी असेल तर दोघांपैकी एकाने तिला खंदकावरचा पूल आणि अंधारीचं तोंड दाखवून आणावं. आत दहा पावलं जाऊन टॉर्च बंद करा, काय ते तिला कळेल. तेवढं पुरे.

पुणेकर_चौकोन

वा, बरंच हलकं झालं. अजिंठा गेला. घृष्णेश्वर मात्र सासूबाईंना हवंच आहे, वेरूळपासून चालत जाण्याइतकं जवळ म्हणे. आणि बाबागाडीचं राहिलं.

उत्तर ३ | डबा_बाटली_टोपी

बाबागाडी गाडीच्या डिकीत राहू दे. मकबऱ्याच्या बागेत चालेल, लेण्यांत आणि किल्ल्यात तिचं ओझंच होतं, उंबरठे वीतभर उंच आहेत. पाठीवरचं कॅरियर घ्या. ते नसेल तर आजीच्या जुन्या सुती साडीची झोळी. मुलाने आठ वाजता ‘मी चालतो’ म्हटलं तरी दहा वाजता तो कडेवर येणारच.

घृष्णेश्वर अगदी जवळ आहे, पण शनिवारी-रविवारी रांग तासाच्या वर जाते आणि गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं. सासूबाई आणि तुमच्यापैकी एकजण रांगेत, दुसऱ्याने मुलांना बाहेर सांभाळायचं. मुलांना रांगेत उभं करू नका. तेवढ्या वेळात वेरूळ गाव म्हणजे मालोजीराजे भोसल्यांचं, शिवाजी महाराजांच्या आजोबांचं गाव, हे मुलीला सांगा. देवळासमोर कंटाळून बसण्यापेक्षा बरं.

शी-शूचं आधी ठरवा. लेण्यांच्या आत सोय नाही, तिकीटघराच्या परिसरातच आहे. आत शिरण्याआधी दोघांनाही ‘नाही आली’ म्हटलं तरी बसवून आणा. घडीची पॉटी आणि दोन जादा चड्ड्या गाडीत. पाणी माणशी एक लिटर, मुलांना अर्धा-अर्धा. खाऊची पिशवी हातात उघडी ठेवू नका, माकडं थेट पिशवीला हात घालतात, आणि मुलाने घट्ट धरली तर ओरबाडतात. चेन असलेली सॅक बरी.

डिसेंबरात सकाळी चांगलीच थंडी आणि अकराला कडक ऊन. जाड स्वेटर एकच घालण्यापेक्षा कपड्यांचे दोन-तीन थर घाला. चपलांपेक्षा पट्ट्यांचे सँडल. मोजे मात्र सॅकमध्ये ठेवा, जिथे पादत्राणं काढावी लागतात तिथे सकाळचा दगड बर्फासारखा लागतो.

खाणं: शहरातला नान-कलिया प्रसिद्ध, पण कलिया, म्हणजे मटणाचा रस्सा, तिखट. पिवळसर नान नुसता, किंवा वरणात बुडवून, धाकट्याला आवडेल. दहीभात कुठेही मिळतो. दौलताबादच्या वाटेवर सीताफळं आणि पेरू विकायला असतात. डिसेंबरात सीताफळांचा हंगाम सरत आलेला असतो, मिळालीच तर बिया स्वतः काढून गर भरवा. तीन वर्षांचं मूल बी गिळतं किंवा तिचा ठसका लागतो.

उत्तर ४ | लेणीवाला

वेळापत्रक जोडतो. शनिवारी वेरूळ सकाळी, मग घृष्णेश्वर, दीडपर्यंत शहरात परत, जेवण, झोप. झोप गाळली की संध्याकाळ गेली म्हणून समजा. पाचला मकबरा. रात्री दहापर्यंत उघडा असतो, पण मुलांना बाग उजेडातच हवी. पळायला जागा भरपूर, आणि दिवे लागले की मोठ्यांनाही बरं वाटतं.

रविवारी दौलताबाद, पण साडेसातला हॉटेल सोडा. दौलताबादजवळ रस्ता जुन्या दिल्ली दरवाजातून जातो, तिथे गाड्या एकेक करून सोडाव्या लागतात. रविवारी उशीर केला तर त्या कमानीसमोर अर्धा तास मुलांची गाणी लावत बसाल. तिथून परत शहरात आलात की पाणचक्की वीस मिनिटांची, जमिनीखालून खापरी नळांनी आलेलं पाणी चाक फिरवतं ते मुलांना दाखवा. साडेबाराला जेवून निघा. पुणे २३५ किलोमीटर. अहिल्यानगर साधारण निम्म्यावर, मुलं तोवर झोपतात, तिथे चहा आणि शू.

पुरातत्त्व खात्याच्या तिकिटावर १५ वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत. वेरूळ मोठ्यांना ४० रुपये, मकबरा आणि दौलताबाद प्रत्येकी २५. तिकिटं आदल्या रात्री ऑनलाइन काढून ठेवा, सकाळी खिडकीवर थांबायला नको. आणि कधी सुट्टी जोडून जाणार असाल तर वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी.

पुणेकर_चौकोन

साबणाची वडी आजच आणली. मुलीने घर कोरायच्या आधी तिला एक खिडकी पाडायची आहे म्हणे, बघू.