आई-बाबांचा जर्मनीचा व्हिसा: हमीपत्र असलं की बाकी कागद नकोत?

इसारकाठ
'पुणे ते म्युनिक' यांची कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाने जर्मनीतून हमीपत्र पाठवलं की आईवडिलांना बाकी काही लागत नाही. बँकेचे आणि घराचे कागद ही एजंटांनी वाढवलेली भानगड. विमा सगळ्यात स्वस्त घ्या, तो फक्त दाखवायचा असतो. लोक हे डोळे झाकून पुढे पाठवतायत, म्हणून सविस्तर लिहितो.

हमीपत्र, म्हणजे आपण सगळे ज्याला व्हीई म्हणतो ते, एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: पैसे कोण भरणार. अधिकाऱ्याला आणखी दोन गोष्टी पटाव्या लागतात. जाण्याचं कारण खरं आहे, आणि माणूस मुदतीत परत येईल. नकाराच्या छापील नमुन्यात 'मुदतीत परत जाण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका' हे कारण वेगळं दिलेलं आहे. मुलाचा पगार कितीही असो, त्या चौकटीत खूण होऊ शकते.

परतीची ओढ दाखवणारे कागद आपल्याकडे भरपूर असतात आणि नेमके तेच घरी राहतात. पेन्शन मंजुरीचा आदेश म्हणजे पीपीओ, आयकर विवरणपत्रं, मुदतठेवी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची पावती, शेती असेल तर सातबारा. सातबारा मराठीत तसाच लावू नका, इंग्रजी भाषांतर जोडा. खात्याचा उतारा निदान तीन महिन्यांचा हवा. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली असेल, तर ती कुठून आली ते सोबतच्या पत्रात एका ओळीत लिहा. न लिहिलेली भर उसनी मानली जाते.

पुणे ते म्युनिक
माझ्या पोस्टचा अर्धाच भाग उचललात. खर्चाच्या पुराव्याऐवजी व्हीई चालते, हे नियमातच आहे. 29 युरो भरून, तीन महिन्यांच्या पगारपत्रकांसह, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात रीतसर सही करून ती मिळते. एवढं करूनही आईवडिलांची ठेव न् ठेव उघडी का करायची?

आणि जाड फाइल म्हणजे जास्त विसंगती. मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव 'सुनंदा', आईच्या पासपोर्टवर 'सुनंदाबाई', जन्मदाखल्यावर तिसरंच. जितके कागद, तितके प्रश्न.

कागदाआधी_कागद
नावाच्या फरकाचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर कागद लपवणं हा उपाय नाही. नातं तर सिद्ध करावंच लागतं, म्हणजे जन्मदाखला येणारच. जुन्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यात बाळाचं नावच नसतं. तिथे नाव नोंदवून नवा दाखला काढा. निमंत्रण मुलीचं असेल आणि लग्नानंतर नाव बदललं असेल, तर विवाह प्रमाणपत्र लावा. 'सुनंदा' आणि 'सुनंदाबाई' एकच, असं प्रतिज्ञापत्र आधीच जोडलं की प्रश्न उरत नाही.

पासपोर्टही तपासा. परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध, गेल्या 10 वर्षांत दिलेला, दोन कोरी पानं. आणि व्हीई अर्जाच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुनी नको. मुलं हौसेने आधीच करून ठेवतात आणि अपॉइंटमेंट लांबली की परत 29 युरो.

विमावाचक
कागद राहू देत बाजूला. 'विमा फक्त दाखवायचा असतो' हे वाक्य कसं लिहवतं? किमान 30,000 युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत (म्हणजे या एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांत), मुक्कामाचे सगळे दिवस. तातडीचे उपचार, रुग्णालय, मायदेशी परत आणणं आणि मृत्यू, चारही त्यात हवेत. आपल्याकडच्या पॉलिसी डॉलरमध्ये असतात. 30,000 डॉलर म्हणजे 30,000 युरो नव्हेत. स्वस्तातली घेऊन अर्ज इथेच अडतो.

खरा घोळ पुढे आहे. मधुमेह, रक्तदाब, जुना स्टेंट हे प्रस्तावात लिहिलं नाही तर दावा फेटाळतात. लिहिलं तरी बऱ्याच पॉलिसींत जुन्या आजारासाठी फक्त जिवावर बेतलं तरच पैसे, तेही ठरावीक मर्यादेपर्यंत. त्या कलमाची ओळ वाचल्याशिवाय सत्तरीच्या माणसाला विमानात बसवू नका.

पुणे ते म्युनिक
व्हिसासाठी 30,000 युरोचं प्रमाणपत्र पुरतं, एवढंच मी म्हटलं. त्यापुढचा धोका ज्याने त्याने ठरवावा. लोकांना घाबरवून महागड्या पॉलिसी गळ्यात मारण्याचा उद्योग बंद करा.

विमावाचक
मी कुठली पॉलिसी विकत नाही, आणि हा आरोप मागे घ्या. धोका 'ज्याने त्याने' नाही ठरवत. व्हीईवर सही करणारा मुलगा आईवडिलांच्या आजारपणाच्या खर्चालाही बांधला जातो. उद्या आयसीयूचं बिल आलं तर रुग्णालय ते थेट त्याच्या दारात टाकेल.

नेकरतीर
हे चुकीचं आहे, आणि घाबरवणारं असलं तरी अर्धवट आहे. रुग्णालयाचं बिल रुग्णाच्या नावावर येतं. जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम 68 मध्ये व्हीईची जबाबदारी आहे ती सार्वजनिक निधीतून झालेल्या खर्चाची. समाजकल्याण कार्यालयाने उपचाराचे पैसे भरले तर ते कार्यालय हमीदाराकडून वसूल करतं. राहणं, आजारपण, शुश्रूषा हे सगळं त्यात येतं. मुदत पाच वर्षांपर्यंत. कलम 66 नुसार परत पाठवण्याचा खर्चही हमीदाराचाच. आणि दाखल करताना रुग्णालयाने मुलाकडूनच खर्चाच्या कागदावर सही घेतली, तर तो व्हीईशी संबंध नसलेला वेगळा करार झाला. अशी सही घाईत करू नका.

विमावाचक
कलमाचं मान्य. बिल थेट येत नाही, फिरून येतं. विमा नीट हवा, हा माझा मुद्दा त्याने पक्काच होतो.

इसारकाठ
विम्याबद्दल एक पर्याय कुणी मांडला नाही. यजमानाला जर्मनीतली पाहुण्यांसाठीची पॉलिसी आईवडिलांच्या नावाने घेता येते आणि व्हिसाला ती चालते. फायदा असा की डॉक्टर आणि बिलं तिथल्या कंपनीला ओळखीची असतात. पण आधीच माहीत असलेले उपचार, जसं ठरलेलं डायलिसिस, त्यातही वगळलेले असतात. जुना आजार अचानक बळावला तर काय, हे अटींमध्ये शोधा. वयाची मर्यादाही पाहा.

चिंचवडची
मुक्काम तीन महिन्यांचा असं लोक सरसकट म्हणतात, पण व्हिसा जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो आणि उतरण्याचा व निघण्याचा दोन्ही दिवस मोजले जातात. 1 एप्रिलला उतरलात तर 29 जून हा नव्वदावा दिवस. 30 जूनचं तिकीट म्हणजे मुदतभंग. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर नोंद इलेक्ट्रॉनिक व्हायला लागली आहे, शिक्का पुसट निघाला म्हणून सुटका नाही. व्हिसाच्या स्टिकरवर 15 दिवस वाढीव दिसतात, ते तारीख मागेपुढे करायला असतात. मुक्कामाचे दिवस वेगळ्या रकान्यात लिहिलेले असतात, ते पाहा.

तिकीट पैसे भरून काढू नका, आरक्षण पुरतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस, शंका असली तर 45. म्हणून शेवटच्या पंधरवड्याच्या भरवशावर राहू नका.

पुणे ते म्युनिक
इतकं सगळं लिहून लोकांच्या मनात धास्तीच भरणार आहात. नकार आला तर मुंबईच्या वाणिज्य दूतावासाला फेरविचाराचं पत्र लिहायचं. त्याला शुल्क नाही. त्यात राहिलेले कागद जोडता येतात. म्हणून सुरुवातीला कमी कागद दिले तरी बिघडत नाही.

नेकरतीर
तुमची सगळी मांडणी या एका समजावर उभी आहे आणि तो समज जुना झाला. फेरविचाराची ती सोय जर्मनीने 1 जुलै 2025 पासून जगभर बंद केली. आता दोनच वाटा: बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा, किंवा नवा अर्ज. नवा अर्ज म्हणजे परत 90 युरो प्रत्येकी, वर सेवाशुल्क, परत अपॉइंटमेंट. त्यामुळे पहिलाच अर्ज पूर्ण लागतो.

पुणे ते म्युनिक
फेरविचाराचं वाक्य पोस्टमधून काढतो. विम्याचंही बदलतो. घराचे कागद सगळ्यांना लागतात हे मात्र मला अजून पटलेलं नाही. दोन्ही पेन्शनर, आधी एकदा जाऊन वेळेत परत आलेले, त्यांना पीपीओ पुरतो.

कागदाआधी_कागद
आधी जाऊन आलेल्यांचं गणित वेगळं आहे, तेवढं कबूल. एप्रिल 2024 पासून भारतीयांना तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, पुढे पाच वर्षांचा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत तेवढी हवी. म्हणून पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करा आणि जुना, व्हिसाच्या पानांसकट, नव्यासोबत न्या. पहिल्यांदा जाणाऱ्या आईवडिलांना मात्र शेअर सर्टिफिकेट लावायला सांगा. कपाटातून काढून झेरॉक्स मारायला लागतो तेवढाच वेळ.